नांवाविना मासा : कावेरीच्या महसिराची हकीकत

वाचकहो, नदीकांठीं राहणाऱ्या आपल्या बांधवांस मासा म्हणजे काय हें शिकवावयास नको. कोणता मासा पहिल्या पुरांत चढतो, कोणता खडकाखालीं दडतो, कोणत्यास कांटे फार, हें त्यांस शाळेंतल्या मास्तरापेक्षां अधिक ठाऊक असतें. परंतु अमुक एक मासा कमी होत चालला आहे कीं नाहीं, असें विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें : "पूर्वीं पुष्कळ होते." पूर्वीं म्हणजे केव्हां, आणि पुष्कळ म्हणजे किती, हें मात्र सांगतां येत नाहीं. ज्यांनीं तें शोधून काढण्याचें मनावर घेतलें त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. ती मुख्यत्वें दक्षिणेंतील कावेरी नदीची आहे. पण तिचा एक धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येऊन पोंहोंचतो, आणि तो धागा आपणांस थोडा बोंचणारा आहे.

महसीर हें एका माशाचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. मोठमोठे खवले, जाड ओंठ, आणि घशांत शंखशिंपले चुरडणारे दांत, ही त्या कुळाची ओळख. यास वाहतें, स्वच्छ व खडकाळ पाणी लागतें. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे तो प्रवाहाच्या उलट चढून जातो आणि वरच्या बाजूस वाळू-गोट्यांवर अंडीं घालतो. आतां ज्यास चढून जावयाचें आहे त्याच्या वाटेंत धरण आलें तर काय होईल, हें वाचकांनींच ताडावें. कावेरीवर मेट्टूरचें धरण १९३४ सालीं पुरें झालें, व त्याखेरीज त्या नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर दुसरींही अनेक झालीं.

या कुळांतील सर्वांत थोरला मासा कावेरींत राहतो. त्याच्या डोक्यामागें पाठ उंच होऊन मदार आल्यासारखी दिसते, म्हणून त्यास मदारी महसीर म्हणूं. १९४६ सालीं कबिनी नदींत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनीं गळावर धरलेला मासा १२० रत्तल, म्हणजे सुमारें ५४ किलो भरला. तितका मनुष्य आपल्या मंडळींत पुष्कळदां आढळतो. तितका मासा फार थोड्यांनीं पाहिला असेल. या वजनापायींच गळ टाकणारे हौशी लोक देशोदेशींहून कावेरीवर येत. १९७७ सालीं तिघां इंग्रज गृहस्थांनीं कावेरीचा शोध घेतल्यावर ही हौस पुन्हां वाढली, आणि पुढें नदीकांठीं मुक्कामाचीं ठिकाणें निघालीं. तेथें नियम असा कीं मासा धरावा, तोलावा, आणि जिवंत पाण्यांत सोडून द्यावा. पूर्वीं चोरून मासे मारणाऱ्या गांवकऱ्यांपैकीं कांहींस तेथें वाटाड्याचें व राखणीचें काम मिळालें, हीही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां हौशी मनुष्याचा छंद आणि विद्वानाचा अभ्यास यांचा मेळ कसा बसला तो पाहा. गालिबोर नांवाच्या मुक्कामावर एक वही ठेवलेली असे. कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचें वजन काय, तो कोणत्या रंगरूपाचा, हें तींत रोज लिहिलें जाई. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी यांनीं तपासल्या. त्यांत २३,६२० तासांची मेहनत आणि ६,१६१ महसीर नोंदलेले होते; लहानांत लहान १ रत्तलाचा व मोठ्यांत मोठा १०४ रत्तलांचा. तास लिहिले होते ही या वहीची खरी किंमत. नुसते 'आज दहा मासे मिळाले' म्हटल्यानें कांहींच कळत नाहीं. दोन माणसांनीं एक दिवस बसून दहा धरले, कीं वीस माणसांनीं आठवडाभर, हें कळल्यावांचून एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशीं तुलना होऊं शकत नाहीं.

वरवर पाहतां वहीनें आनंदाची बातमी दिली. तासागणिक मिळणारे मासे वर्षानुवर्ष वाढत होते. परंतु सरासरी वजन उतरत होतें. आणि रंगरूपाचा रकाना वाचतां निराळीच गोष्ट बाहेर आली. वाढत होता तो निळसर परांचा महसीर. मदारी महसीर दुर्मिळ होत चालला होता, आणि जे थोडे लागत ते बहुतेक मोठे, वयस्क. लहान मासे जवळजवळ नव्हतेच. ज्या गांवांत म्हातारे आहेत पण पाळणा कोठें हालत नाहीं, त्या गांवाची स्थिति काय होते हें आपण जाणतों.

मग हा निळसर परांचा मासा आला कोठून? येथें आपला धागा येतो. तो दख्खनचा आहे. मुंबई सरकारच्या चाकरींतील कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या नद्यांतील चाळीसांहून अधिक मासे तपासून १८३९ च्या सुमारास त्यांचें वर्णन छापलें. त्यांचा एक गुण मला फार आवडतो. पुष्कळ माशांस त्यांनीं येथल्या कोळ्यांच्या तोंडचींच नांवें दिलीं. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या महसिरास त्यांनीं 'खुद्री' म्हटलें, आणि तें मराठी नांव आज जगांतील सर्व शास्त्रीय ग्रंथांत आहे.

धरणांमुळें खुद्रीही संकटांत आला, तेव्हां त्यास वांचविण्याचे प्रयत्न लोणावळ्यास सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांनीं त्याचीं अंडीं व पिलें यांचा अभ्यास १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केला, आणि टाटांच्या जलविद्युत तलावांजवळ कृत्रिम रीतीनें पिलें तयार होऊं लागलीं. काम उत्तम होतें व हेतूही शुद्ध होता. तीं पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं, त्यांत कावेरीही होती. महसीर कमी झाला आहे ना, मग महसीर सोडूं या, असा सरळ विचार. परंतु कोणता महसीर, हा प्रश्न त्या वेळीं नीट विचारला गेला नाहीं. घरचें लेकरूं आजारी असतां दुसऱ्या घरचें धडधाकट लेकरूं त्याच्या ताटावर आणून बसवावें, तसें झालें. मदारी महसिराच्या ऱ्हासाचें सर्व खापर मात्र या एकाच कारणावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. धरणें, वाळूचा उपसा, आणि पाण्यांत सुरुंग उडवून मासे मारणें, हींही कारणें तेथें आहेत. नोंदवही काय घडलें तें दाखविते. कोणत्या कारणाचा वांटा किती, तें ती एकटी सांगूं शकत नाहीं.

आतां सर्वांत चमत्कारिक गोष्ट. या प्रसिद्ध, शेंकडों छायाचित्रांत झळकलेल्या माशास पक्कें शास्त्रीय नांवच नव्हतें. निरनिराळ्या ग्रंथकारांनीं त्यास निरनिराळीं नांवें दिलीं, आणि तीं एकमेकांशीं जुळेनात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ संकटांत सांपडलेल्या जातींची जी यादी ठेवितो तींत दाखल होण्यास ठाम नांव लागतें. ज्याचें नांव नाहीं त्याची नोंद नाहीं, व ज्याची नोंद नाहीं त्याच्यासाठीं कायदा किंवा पैसा मागतां येत नाहीं. दाखल्यावांचून कचेरींत खेटे घालणाऱ्या गरीबाची जी गत, तीच या माशाची झाली.

हा गुंता सोडविण्यास घरांत बसून पुस्तकें चाळणें पुरेसें नव्हतें. मासा हातीं लागला पाहिजे होता. कावेरीच्या मुख्य प्रवाहांत तो मिळणें कठीण झालें होतें. म्हणून संशोधक मोयार नदीकडे वळले. ही निलगिरीच्या पायथ्याच्या अरण्यांतून वाहणारी नदी भवानीस मिळते, व भवानी कावेरीस. तेथें मिळालेल्या माशांचे खवले मोजले, परांतील किरण मोजले, डोक्याची व अंगाची मापें घेतलीं, आणि परांचे लहान तुकडे काढून त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासलें. हें काम किती किचकट असतें याची कल्पना ज्यानें एका माशाचेच खवले ओळीनें मोजून पाहिले असतील त्यास येईल. या मंडळींत राघवन व पिंडर यांच्याबरोबर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील नीलेश डहाणूकर हेही होते.

उत्तर निघालें तें असें. २००७ सालीं कुरूप व राधाकृष्णन या दोघांनीं केरळांतील पांबार या कावेरीच्या उपनदींतून एका महसिराचें वर्णन केलें होतें, आणि मत्स्यशास्त्रज्ञ रेमादेवी यांच्या सन्मानार्थ त्याचें नांव 'टोर रेमादेवी' ठेविलें होतें. परंतु त्यांच्यापुढें होते ते लहान मासे. त्या वीतदीडवीत लांबीच्या माशांचा आणि माणसाएवढ्या वजनाच्या कावेरीच्या राक्षसाचा कांहीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत हे दोन्ही एकच आहेत असें दाखविलें गेलें. त्याच वर्षीं संघाच्या यादींत टोर रेमादेवीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गांत झाली. त्यापुढची पायरी वन्य स्थितींतून नाहींसें होण्याचीच. उलट आपला खुद्री, जो पूर्वीं त्या यादींत संकटग्रस्त म्हणून होता, तो आतां कमी काळजीच्या वर्गांत गेला आहे. एकाच कुळांतील दोघे. पण दोघांस महसीर या एकाच नांवानें हांक मारीत राहिलों असतों तर कोणाचें घर भरलें व कोणाचें रितें झालें हें कळलेंच नसतें.

आपल्याकडेही तळ्यांत अगर नदींत मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ होतात. गांवचे पुढारी जमतात, छायाचित्र निघतें. अशा वेळीं आणलेलें बीज कोणत्या जातीचें व मुळांत कोणत्या नदीचें, एवढें विचारण्यास आपल्या शिक्षकांनीं व उपदेशकांनीं संकोच करूं नये. बंदिस्त तळ्यांत पाळण्याचा मासा निराळा आणि नदींत सोडण्याचा निराळा. नदींत एकदां गेलेला परका मासा परत गोळा करतां येत नाहीं. महाड तालुक्यांत वाळण कोंड येथें गांवकरी एका डोहांतले महसीर पिढ्यान्‌पिढ्या मारीत नाहींत; ते देवीच्या नांवानें राखतात. त्यांच्या व आपल्या श्रद्धेंत अंतर आहे, पण डोह राखला गेला आहे ही गोष्ट खरी, आणि अभ्यासकांस तेथें पाहावयास मासे मिळतात.

ज्यांच्या गांवाशेजारून नदी वाहते त्यांनीं एक वही घालावी. तारीख, जागा, किती जणांनीं किती वेळ जाळें किंवा गळ टाकला, कोणता मासा, त्याचें गांवांतलें नांव, लांबी, आणि परांचा रंग, इतके रकाने पुरेत. कांहीं मिळालें नाहीं तो दिवसही लिहावा, कारण रिकाम्या जाळ्याची नोंद भरलेल्या जाळ्याइतकीच कामाची असते. मासा अनोळखी वाटल्यास जवळ इंचांच्या खुणा केलेली काठी ठेवून मोबाईलवर छायाचित्र काढावें, आणि तो जिवंत असेल तर फार वेळ पाण्याबाहेर न ठेवतां सोडून द्यावा.