प्रतिस्पर्धी निवडताना

चि. मृणाल,

पिढ्यान्‌पिढ्या उत्क्रांत होणारा तुझा चेकर्सचा प्रोग्राम तूच लिहिलेल्या खेळाडूला हरवू लागला हे वाचून फार आनंद झाला. पण एवढ्यावर प्रोजेक्ट आवरता घेऊ नकोस. समोर कायम एकच गडी बसवलास, तर तुझ्या पिढ्या चेकर्स शिकणार नाहीत, त्या एकाच्या खोडी तेवढ्या शिकतील.

रॉबर्ट ॲक्सेलरॉडचा १९८७ सालचा लेख मुळातून वाच. ‘कैद्यांचा पेच’ या साथ द्यायची की दगा, अशा खेळातली प्रत्येक रणनीती त्याने ७० बिटांत बसवली. मागच्या तीन फेऱ्यांच्या ६४ शक्यता आणि सुरुवातीची गृहीतं धरायला आणखी ६ बिटं. एका पिढीत २० रणनीती, अशा ५० पिढ्या, आणि समोर आठ ठरावीक प्रतिस्पर्धी. बहुतेकदा जे निपजलं ते समोरच्याची मागची चाल परत करणाऱ्या ‘जशास तसे’च्या वळणाचं होतं. पण ४० पैकी ११ वेळा त्याहून जास्त गुण मिळवणारे नियम निघाले. ते आरंभीच दगा देत, समोरचा कसा वागतो ते बघत, आणि नमणारा सापडला की त्याला पिळत. ही सरशी मात्र त्या आठांपुरती होती.

म्हणून मला डेव्हिड फोगेल आणि कुमार चेल्लापिल्ला यांचा ‘ब्लॉन्डी२४’ हा चेकर्सचा प्रोग्राम जास्त भावतो. १५ न्यूरल नेटवर्कं, वजनं किंचित हलवून प्रत्येकाचं एक अपत्य, आणि ही तीसही जणं आपापसांतच खेळायची. जिंकलं तर एक गुण, बरोबरीला शून्य, हरलं तर वजा दोन. कोणता डाव जिंकला, कोणता हरला, हे नेटवर्कला कळतच नसे. बेरजेत वरचे १५ पुढच्या पिढीत जात. राजाची किंमत किती धरायची हेसुद्धा उत्क्रांतीनेच ठरवलं!

तूही तुझ्या गड्यांना आपापसांत झुंजव. त्यातही एक धोका आहे. ‘अ’ला ‘ब’ हरवतो, ‘ब’ला ‘क’, आणि ‘क’ला पुन्हा ‘अ’. मग पिढ्या गोल फिरत राहतात आणि आलेख पाहून प्रगती झाल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे जुने विजेते जपून ठेव आणि प्रत्येक नव्या पिढीला अधूनमधून त्यांच्याशीही खेळव. शेवटच्या चाचणीसाठी मात्र काही प्रतिस्पर्धी अगदी वेगळे राखून ठेव. उत्क्रांती चालू असताना त्यांना हातही लावायचा नाही. रॅंडम सीड बदलून सगळं पुन्हा चालव, वेळ लागला तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी नुसते आलेख नकोत, हरलेल्या डावांच्या चालीही पाठव. आपण त्या पटावर मांडून बघू.

तुझा,
मामा