गोदीतलं जहाज, मरोळमधलं मॉडेल

मरोळ एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात जहाज येत नाही, त्याचं मोजमाप येतं. लेझर स्कॅनर घेऊन इंदिरा गोदीत जायचं, इंजिनरूम टिपायची, इथे मॉडेल करून पाइप घडवायचे, हे आमचं काम. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव.

1. आकड्याशेजारी वेळ आणि तापमान लिहाच. पोलाद दर मीटरमागे, दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. दहा मीटरला दहा अंशांचा फरक पडला, की 1.2 मिलिमीटर झाले! दुपारी डेक तापतो, पाण्याखालचा तळ गार राहतो आणि जहाज मधोमध वर उचललं जातं. म्हणून शाफ्टची रेषा ऊन चढायच्या आत तपासावी. शिवाय इंदिरा गोदीतल्या 1914 च्या ह्यूजेस ड्राय डॉकमध्ये ठोकळ्यांवर बसलेलं जहाज पाण्यात उतरलं, की त्याचा बाक बदलतो. शेवटची तपासणी तरंगत्या अवस्थेतच करावी.

2. तरंगत्या जहाजावर स्कॅनरची लेव्हल आपोआप सुधारणारी सोय बंद ठेवा. यंत्र ओळंबा धरून मोजतं आणि इथे जहाजच ओळंब्यापासून ढळत असतं. पक्क्या पोलादावर खुणा चिकटवा आणि त्यांच्यावरूनच सगळे स्कॅन जोडा.

3. फिटरला सोबत घ्या. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 ला लागू झाला आणि जुन्या जहाजांच्या भरगच्च इंजिनरूममध्ये नवी शुद्धीकरण यंत्रणा बसवायचं काम निघालं. पूर्वी सळई वाकवून, पत्र्याचं टेम्प्लेट कापून पाइपाचं वळण ठरायचं. आता ते स्क्रीनवर ठरतं. पण फ्लँजच्या तोंडावर रंगाचे जाड थर असतात, लेझरला तेच पोलाद वाटतं. अनुभवी फिटर आधी तो रंग खरवडतो, बोल्टच्या भोकांवरून बोट फिरवतो आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवायला हात कुठून जाणार ते दाखवतो. तेही मॉडेलमध्ये घ्या. इतकं करूनही शेवटच्या तुकड्याचा एक फ्लँज मोकळा ठेवा. तो जागेवर टॅक वेल्ड करून मग पूर्ण वेल्डिंग करावं.

4. घासून चकचकीत केलेल्या ब्राँझच्या प्रोपेलरवर पांढऱ्या पावडरचा पातळ फवारा मारा, नाहीतर लेझर भरकटतो.

5. गॅस-फ्री दाखला पाहिल्याशिवाय टाकीत पाय ठेवू नका. मालक घाई करतो, डॉकचं भाडं चढत असतं, तरीही नाही.

6. काम संपल्यावर कच्चा स्कॅन पुसू नका. जहाजाच्या तळाची तपासणी साधारणपणे पाच वर्षांत दोनदा होते. ते पुन्हा आलं, की जुन्यावर नवा स्कॅन ठेवून कुठला पत्रा किती दबला, ते पाहता येतं.