तिसरा कॉम्प्रेसर घेण्याआधी

आमच्या घरची पिकअप निफाडहून वाशीला कांदा आणि टोमॅटो नेते. दोन उन्हाळ्यांत तिच्या एसीचे तीन कॉम्प्रेसर गेले. पहिला जाम झाला, दुसरा आठ महिने चालला, तिसरा पाच आठवडे. दर वेळी एकच उत्तर मिळालं, ‘पार्टच खराब निघाला’. चौथा बसवण्याआधी एका जुन्या मिस्त्रींनी कंडेन्सर उतरवला आणि पांढऱ्या फडक्यावर उपडा धरला. फडक्यावर काळं तेल आणि चमकणारा चुरा पडला. चुरा पहिल्या कॉम्प्रेसरचा होता. पुढचे दोन त्यानेच संपवले होते.

लागोपाठ कॉम्प्रेसर जात असतील तर दोष बहुधा कॉम्प्रेसरमध्ये नसतो. त्याला तेल पोचत नसतं, आत कचरा फिरत असतो, उष्णता बाहेर पडत नसते, किंवा वायूऐवजी पातळ गॅस त्याच्या तोंडाशी येत असतो. या चारांपैकी नेमकं काय घडलं ते कळेपर्यंत नवा पार्ट विकत घेऊ नका.

काय करावे

उतरवलेला कॉम्प्रेसर टाकून देण्याआधी त्यातलं तेल ओतून बघा. तेल स्वच्छ असेल तर बिघाड क्लच, बेअरिंग किंवा वायरिंगचा असू शकतो. काळं आणि जळका वास येणारं असेल तर कॉम्प्रेसर तापून गेला आहे. चंदेरी कण दिसले तर आतले भाग घासले आहेत आणि तो चुरा साऱ्या लाइनीत पसरला आहे. तेल जवळपास निघालंच नाही तर कुठेतरी गळती आहे. दोन मिनिटांची ही तपासणी मालकाने समोर उभं राहून करून घ्यावी.

चुरा निघाला तर कंडेन्सर नवाच घ्या. खर्चाचा आकडा ऐकून इथेच माघार घेतली जाते, आम्हीही घेतली होती. जुन्या काळच्या कंडेन्सरमध्ये एकच गोल नळी वळणं घेत जायची, ती फ्लशिंगने धुतली जायची. आताच्या कंडेन्सरमध्ये चपट्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत अनेक बारीक मार्ग. फ्लशिंगचं द्रव मोकळ्या मार्गांतून निघून जातं, तुंबलेले मार्ग तुंबलेलेच राहतात. पाइप आणि कूलिंग कॉइल धुता येतात. धुतल्यावर नायट्रोजन मारून पूर्ण कोरडे करा. एक्सपान्शन व्हॉल्व्हही नवा टाका, त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की थोड्या चुऱ्यानेही ते अडतं.

ड्रायर दर वेळी बदला. त्यातले दाणे ओल शोषतात आणि लाइन उघडी राहिली की हवेतली ओल पिऊन भरून जातात. काही गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच बाजूच्या नळीत असतो, तो विसरला जातो.

तेल मोजून घाला. आर-१३४ए गॅसच्या बहुतेक गाड्यांना पीएजी तेल लागतं. ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवर दिलेली असते. नव्या कॉम्प्रेसरमध्ये कधी पूर्ण सिस्टिमचं तेल आधीच भरलेलं येतं, कधी थोडंच. किती आहे ते न बघता वरून आणखी ओतलं तर थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. पीएजी तेल हवेतली ओल झपाट्याने ओढतं. पावसाळ्यात अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरू देऊ नका.

व्हॅक्यूम निदान अर्धा ते पाऊण तास मारा. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पंप बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं काट्यावर नजर ठेवा. काटा परत चढायला लागला तर गळती आहे किंवा आत अजून ओल आहे. समुद्रसपाटीला काटा तीस इंचांजवळ जातो. नाशिक-पुण्याला आपण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर असतो, तिथे चांगला पंपही अठ्ठावीसच्या आसपास थांबतो. तो पंपाचा दोष नव्हे.

गॅस वजन करून भरा. माझ्या मते निम्मे घोटाळे इथे होतात. इंजिन बंद असताना गेज लावून ‘प्रेशर आहे, गॅस भरलेला आहे’ असं सांगितलं जातं, ते चूक आहे. आर-१३४ए बंद जागेत द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असेल तर त्याचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, मग आत तीनशे ग्रॅम असो की सहाशे. सहाशेच्या गाडीत तीनशेच असेल तर एसी रडतखडत चालेल, पण गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरपर्यंत पुरेसं परतणार नाही. गॅस जास्त झाला तरी दाब चढतो आणि कॉम्प्रेसर तापतो. किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरायला लावा.

नवा कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. आत साठलेलं तेल सरकतं आणि पहिल्याच झटक्याला धक्का बसत नाही.

पंखा आणि कंडेन्सरसमोरची हवा तपासा. वाशीहून परतताना पिकअप कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा समोरून वारा जवळपास नसतो, इंजिन तापलेलं असतं आणि सारा भार पंख्यावर येतो. पंख्याचा क्लच सैल असेल किंवा इलेक्ट्रिक पंखा उशिरा लागत असेल तर दाब भराभर चढतो. आमच्या गाडीच्या कंडेन्सरच्या जाळीत कांद्याचे पापुद्रे आणि धूळ मिळून जाड थर झाला होता. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी साध्या नळाच्या पाण्याने, शक्य तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे पडतात.

कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो का ते बघा. हवा हळूहळू कमी होत गेली आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा आली, तर बर्फाचीच शंका घ्या. अशा वेळी पातळ गॅस वायू न होताच कॉम्प्रेसरकडे परततो, आणि द्रव दाबला जात नाही. कॉइलचा सेन्सर आणि केबिनचा एअर फिल्टर आधी बघा.

एसी बाहेरून बसवलेला असेल तर ब्रॅकेट आणि पट्ट्याची रेषा जुळते का ते तपासा. पुली जरा जरी तिरकी असली तरी पट्टा कुरकुरतो आणि बेअरिंग जातं. क्लचपाशी व्होल्टेजही मोजा. अर्थिंग कच्चं असलं की क्लच घसरतो आणि जळतो, बिल मात्र अख्ख्या कॉम्प्रेसरचं होतं.

काय टाळावे

गळती न शोधता गॅस टॉप-अप करू नका. गॅस गेला त्याबरोबर तेलही गेलं. दर दोन महिन्यांनी गॅस भरणारा मालक कॉम्प्रेसर कोरडा चालवत असतो.

प्रेशर स्विच डायरेक्ट करू नका. गॅस कमी झाला किंवा दाब बेसुमार चढला की कॉम्प्रेसर बंद पाडणं हेच त्या स्विचचं काम. ‘आत्ता डायरेक्ट करून देतो, पोचाल’ या वाक्यावर, चुऱ्याने आधीच घासलेला आमचा दुसरा कॉम्प्रेसर गेला.

लीक बंद करणारं औषध लाइनीत घालू नका. ते आत घट्ट होऊन व्हॉल्व्ह अडवू शकतं. गळणारी ओ-रिंग बदलणं फार स्वस्त पडतं.

गळती शोधायला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. साधी दाबाची हवाही नको, तिच्याबरोबर ओल आत जाते. कोरडा नायट्रोजन आणि साबणाचा फेस वापरा.

ओळख नसलेल्या सिलिंडरमधला गॅस घेऊ नका. स्वस्तात पडतो म्हणून घरगुती गॅससारखा पेटणारा गॅस भरणारे आहेत; गळती झाली तर तो केबिनमध्येच साठतो. भेसळीचा धोका याहून मोठा आहे. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीत-कंटेनरच्या यंत्रणांचे स्फोट होऊन कामगार दगावले. आर-१३४एच्या नावाखाली आलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि ते ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवा लागताच पेटणारं रसायन तयार करतं. आपल्या गाडीतला कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरही ॲल्युमिनियमचेच असतात. सील पाहा, बिल घ्या, आणि शंका आली तर गॅस भरू नका.

तोंडं उघडी असलेला जुना कॉम्प्रेसर घेऊ नका. बाजारात तो किती दिवस धूळ-ओल खात पडला होता हे कुणी सांगत नाही.

जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. वातावरण तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट आहे. तो मशीनने काढून घेता येतो. शिवाय काढलेल्या गॅसचं वजन केलं की आधी तो किती उरला होता हेही कळतं.

थंडीत महिनोन्‌महिने एसी बंद ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटं चालवा, शाफ्टचं सील तेलात राहतं.

नुसत्या ‘कॉम्प्रेसर बदलला’ अशा बिलावर पैसे देऊ नका. ड्रायर, ओ-रिंग, तेलाची ग्रेड आणि गॅसचे ग्रॅम वेगळे लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेल्यावर ड्रायर बदलल्याचा पुरावा मागतात. आमच्याकडे तो नव्हता आणि दोन कॉम्प्रेसरचे पैसे बुडाले.

केंद्राच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या पिकअप त्यात येत नाहीत. मे महिन्यात चाळीस अंशांत उन्हाळ कांदा घेऊन निघणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरचा एसी म्हणूनच मालकाच्या मनावर राहतो. कॉम्प्रेसर जाम होण्याआधी बऱ्याचदा थंडावा कमी होतो किंवा आवाज बदलतो, आणि ते आधी कळतं ड्रायव्हरला. त्याने ‘भाऊ, एसी थंड करत नाही’ म्हटलं की त्या दिवसापासून एसी बंद ठेवा आणि पुढच्या खेपेआधी गेज लावून घ्या.