वासराच्या गोष्टीतला गाळलेला भाग



आजच्या वाचनाला संत बहिणाबाईंचे आत्मकथनाचे अभंग घेतलेत. गूगलवर नुसतं 'बहिणाबाई' टाकलंत तर आधी खानदेशच्या बहिणाबाई चौधरी येतील. त्या आपल्या जवळच्या काळातल्या. आपण वाचतोय त्या तुकोबांच्या शिष्या, १६२८ ते १७००.

वासराची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. कोल्हापुरात असताना बहिणाबाईंच्या घरी एक कपिला गाय आली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला की ते कीर्तनालासुद्धा त्यांच्या मागे जायचं. जयरामस्वामींनी त्या वासराच्या आणि या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढे वासरू गेलं आणि त्या दुःखात त्यांना स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. मी लहानपणी ही गोष्ट अशीच ऐकली होती, गोड आणि डोळ्यांत पाणी आणणारी.

मूळ अभंग वाचायला घेतले तेव्हा कळलं, मधला एक तुकडा आपण गाळून सांगतो. स्वामींनी डोक्यावर हात ठेवल्याची चर्चा गावात झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली, आणि त्याने अकरा वर्षांच्या बायकोला वेणी धरून मारलं. हे कुणा टीकाकाराने शोधून काढलेलं नाही. खुद्द बहिणाबाईंनीच सांगून ठेवलंय.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे घर समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. वेरूळजवळचं देवगाव हे माहेर. तिसऱ्या वर्षी लग्न झालं. नवरा रत्नाकर पाठक, तिशीचा बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. त्या नऊ वर्षांच्या असताना माहेरावर संकट आलं आणि आईवडिलांना रातोरात गाव सोडावं लागलं. अशा वेळी सोबत कोण होतं? हाच जावई. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं करत, भिक्षा मागत, हे सगळं कुटुंब कोल्हापूरला पोचलं. सासू-सासरे, मेहुणे, बायको, सगळे एकत्र.

म्हणजे मारहाण झाली तेव्हा बहिणाबाईंचे आईवडील त्याच घरात होते, आणि ज्याच्या आधाराने ते परमुलखात दिवस काढत होते त्याच्यासमोर ते उभे होते. मला या आत्मकथनातली सगळ्यात अवघड जागा ही वाटते. इथे कुणी सरळसोट खलनायक नाही. संकटात सासरच्यांना न टाकणारा माणूस आणि बायकोवर हात उचलणारा माणूस एकच आहे. आपल्या आजूबाजूची घरं आठवून बघा.

त्याचं दुखणं काय होतं, तेही बहिणाबाई लपवत नाहीत. तुकोबा जातीने शूद्र, त्यांचं नाव आपल्या बायकोने घ्यावं हे त्या वेदपाठ्याला सहन होईना. त्याहून जास्त खुपलं ते वेगळंच. लोक हिच्या दर्शनाला यायला लागले, मग घरात आपली किंमत ती काय? बायको तीन महिन्यांची गरोदर असताना तो तिला माहेरच्यांच्या हवाली करून निघून जायला तयार झाला. नेमका त्याच वेळी आजारी पडला. महिनाभर अंथरुणाला खिळला. बहिणाबाईंनी त्याची सेवा केली, त्याचं मन पालटलं, आणि सगळे मिळून देहूला निघाले.

आता मला जे म्हणायचंय त्याकडे येते. माझी एक मावशी होती. म्हणजे आहे, पण ते दिवस मागे पडलेत. तिच्या घरी मारहाण व्हायची. ती आमच्याकडे रडत आली की आजी म्हणायची, "अगं, बहिणाबाईंनी नाही का सोसलं? शेवटी नवरा वळलाच ना?" आजी वाईट नव्हती. तिच्याकडे तेवढंच होतं. मावशी डोळे पुसून परत जायची.

आजीला मी आज काय सांगितलं असतं? एक म्हणजे, बहिणाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सगळं नोंदवलं, नवऱ्याच्या नावगावासकट. संताच्या घरात असं घडत नसतं म्हणून झाकलं नाही. वेद-पुराणं बाईला परमार्थापासून लांब ठेवतात, मग या देहात मी काय करू, असा सवाल त्यांनी थेट देवाला केला. ही तक्रार आहे, आणि ती अभंगात बसते. दुसरं म्हणजे, नवरा वळला ते मार खाल्ल्यामुळे वळला, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. स्वतःच्या आजारात त्याला आपली चूक दिसली. तो त्याचा प्रवास होता. तो घडवून आणायची जबाबदारी बायकोच्या पाठीवर टाकता येत नाही.

हो, पतिव्रताधर्माचे अभंगही याच गाथेत आहेत, आणि ते त्यांनी मनापासून लिहिलेत. मला ते आजही अडतात. त्यांवरून उडी मारायची नाही, पण त्यांचा हवाला देऊन कुणाला मार खायला परत पाठवायचंही नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय. तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा घरात असेल तर १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. नामस्मरण चालू ठेवा आणि फोनही करा. दोन्हींत भांडण नाही.

गेल्या रविवारी मी मावशीला हा भाग फोनवर वाचून दाखवला. वेणीचा उल्लेख आला तेव्हा ती थांब म्हणाली. मग विचारलं, "हे तिने स्वतः सांगितलंय? दुसऱ्या कुणी नाही ना घातलं?" मी म्हटलं, स्वतः सांगितलंय. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं.

आजचं वाचन: जन्मापासून देहूला निघेपर्यंतचे अभंग. घाई नको, दोन दिवस लागले तरी चालतील. वाचताना आईवडील कुठे बोलतात आणि कुठे गप्प राहतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या देहू आणि मंबाजीचा प्रसंग.

रामकृष्णहरी 🙏