लहान इंजिन, मोठे नियम
(वाफेच्या इंजिनांच्या जुन्या व नव्या प्रतिकृतींचा तुलनात्मक अभ्यास)

शाळेला भेट देणारे माजी विद्यार्थी विज्ञानकक्षासाठी एखादी उपयोगी वस्तू देण्याची इच्छा अनेकदा बोलून दाखवितात, आणि त्यात आगगाडीच्या प्रतिकृतीचा विषय हमखास निघतो. हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ साली संपली. खिडकीशी बसल्यावर डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण पालकांपैकी पुष्कळांना आठवत असेल; परंतु आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना वाफेचे इंजिन कळायचे ते बहुधा प्रतिकृतीवरूनच. म्हणून कोणती प्रतिकृती मुलांना काय शिकविते, याचा विचार या लेखात करीत आहोत. उदाहरणे मुख्यतः इंग्लंडमधील घेतली आहेत, कारण या छंदाचा आणि त्यामागील कारखानदारीचा इतिहास तेथे सलग पाहावयास मिळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पितळेची जी खेळण्यातील इंजिने मिळत, त्यांना पुढे ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’ हे थट्टेचे नाव पडले. ड्रिबलर म्हणजे थेंब थेंब गाळीत जाणारा. या इंजिनांना रूळ नसत. पोटाखाली स्पिरिटचा दिवा पेटवायचा, वाफ धरली की ते जमिनीवरून धावू लागे आणि मागे पाण्याची रेघ उमटे. दिव्यातले स्पिरिट सांडले तर सतरंजीही पेटे. दिसायला ते कोणत्याही खऱ्या इंजिनासारखे नव्हते. एक नळकांडे, एक धुराडे आणि चाके, एवढाच त्याचा थाट. पण ते वाफेवर चालत असे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

त्याच परंपरेत मॅमॉड या इंग्रजी कारखान्याने १९७९ साली रुळांवर चालणारे एक लहान इंजिन काढले. त्यात दिव्याऐवजी घन इंधनाच्या वड्या जळत. सिलिंडरची रचना मात्र जुनीच होती, आणि ती शिक्षकाच्या दृष्टीने मोठी मोलाची आहे. खऱ्या इंजिनात सिलिंडर स्थिर असतो आणि वाफ आत-बाहेर सोडण्यासाठी स्वतंत्र झडप व ती हलविणारी दांड्यांची गुंतागुंत असते. या खेळण्यात सिलिंडरच एका खिळीवर डोलतो. तो एका बाजूस झुकला की त्याचे छिद्र बॉयलरकडून येणाऱ्या वाटेसमोर येते आणि वाफ दट्ट्याला ढकलते. दुसऱ्या बाजूस झुकला की तेच छिद्र बाहेर जाण्याच्या वाटेसमोर येऊन वापरलेली वाफ निघून जाते. निराळी झडप नाहीच. चाक हाताने सावकाश फिरविले तर सातवीतल्या मुलालाही ही युक्ती समजते. यात वाफेची उधळपट्टी होते हे खरे. मोठ्या इंजिनाचा चालक दट्ट्या मध्यावर येण्यापूर्वीच वाफ तोडू शकतो, आणि पुढचे काम आत कोंडलेली वाफ प्रसरण पावून करते. डोलत्या सिलिंडरला ही काटकसर साधत नाही.

दुसरी परंपरा विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतींची. हॉर्नबी डब्लो ही मालिका १९३८ साली बाजारात आली, आणि तिच्या पहिल्या इंजिनांत ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हे ए-फोर वर्गाचे इंजिन होते. याच वर्गातील ‘मॅलार्ड’ने त्याच वर्षी ३ जुलै रोजी ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला होता. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव अंग, हातात घेतले तर जाणवणारे वजन, आणि विजेसाठी मधोमध तिसरा रूळ. हा तिसरा रूळ १९५९ पासून गेला. बारकावे बेताचेच होते. पण मागचा-पुढचा स्क्रू काढला की मोटर, चुंबक, दात्यांची चाके सारे उघडे पडे, आणि झिजलेले ब्रश घरच्या घरी बदलता येत.

येथे एक मूलभूत फरक आहे. खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. विजेच्या प्रतिकृतीत मोटर चाक फिरविते, चाक दांड्याला ओढते आणि दांडा दट्ट्याला. म्हणजे कार्यकारणाची साखळी नेमकी उलटी होते. १९७०च्या दशकाअखेर हॉर्नबीने मोठ्या इंजिनांची मोटर मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, बसविली तेव्हा तर इंजिन मागून ढकलले जाऊ लागले. बैलगाडीने बैलाला लोटावे, तसा हा प्रकार. टेंडरच्या चाकांना रबराची कडी लावून पकड मिळविली जाई, तरी इंजिनाची चाके प्रसंगी न फिरता रुळावर नुसती घसरत. या काळातील प्रतिकृती आम्हांस सर्वांत कमी शिकविणाऱ्या वाटतात.

२००० नंतरच्या प्रतिकृतींनी ही चूक सुधारली. मोटर पुन्हा इंजिनात आली. ती इतकी संथ व समतोल फिरते की गाडी मुंगीच्या गतीने निघू शकते. याचे महत्त्व हिशेबाने कळते. ७६ पटींनी लहान केलेल्या मॅलार्डचा विक्रमी वेग सेकंदाला सुमारे ७४ सेंटिमीटर भरतो, माणसाच्या साध्या चालण्याहूनही कमी. जुनी इंजिने याच्या कितीतरी पट धावत. नव्या प्रतिकृतींवर एकेक रिव्हेट, नळी आणि कठड्याची तार वेगळी दिसते. अक्षरे भिंगाखाली वाचता येतात.

आणि तरीही या काटेकोरपणात एक जुनी तडजोड जशीच्या तशी राहिली आहे. इंग्लंडमधील रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर. ती ७६ पटींनी कमी केली तर १८.८८ मिलिमीटर यावी. प्रत्यक्षात या प्रतिकृती १६.५ मिलिमीटर रुळांवर चालतात. आरंभीच्या काळातील मोटर अरुंद ब्रिटिश इंजिनाच्या लहान अंगात मावत नव्हती. म्हणून अंगाचे प्रमाण वाढविले आणि रूळ होते तेवढेच ठेवले. मोटर आता कितीतरी लहान झाली, पण लाखो घरांत रूळ अंथरलेले असल्याने माघार घेता आली नाही. रिव्हेट मोजणाऱ्या हौशी मंडळींना हे सांगितले की ती किंचित अस्वस्थ होतात!

मग दिसायला नवे आणि चालायला वाफेचे, असे दोन्ही का साधू नये? २००३ साली हॉर्नबीने तोही प्रयत्न केला. सुमारे २८ सेंटिमीटर लांबीच्या मॅलार्डमध्ये खरी वाफ खेळविली. परंतु पाणी तापविण्याची सोय टेंडरमध्ये करावी लागली, तीही रुळांतून येणाऱ्या विजेने. इंजिनाच्या बॉयलरखाली आग का पेटविली नाही, याचे उत्तर भूमितीत आहे. लांबी ७६ पटींनी कमी केली की पृष्ठभाग ५,७७६ पटींनी कमी होतो, पण आत मावणारे पाणी मात्र ४,३८,९७६ पटींनी. म्हणजे प्रत्येक थेंबाच्या वाट्याला थंड होण्यासाठी मोठ्या इंजिनाच्या ७६ पट पृष्ठभाग येतो. वाफ सिलिंडरपर्यंत पोहोचेतो निम्मी पाणी होऊ पाहते. ड्रिबलरची गळती हे काही अंशी याच नियमाचे फळ होते. इंजिन लहान करता येते, पाण्याचे गुणधर्म लहान होत नाहीत. नवव्या इयत्तेत घन आणि वर्ग शिकविताना याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

टिकाऊपणाविषयी थोडे. जुने ते मजबूत, ही समजूत सरसकट खरी नाही. युद्धपूर्व काळातील काही ओतीव अंगे आज आपोआप तडकून भुगा होतात. जस्तात शिशाची भेसळ राहिली की हा रोग आतून पसरतो. त्यावर उपाय नाही. नव्या प्रतिकृतींचे दुखणे निराळे आहे. नाजूक भाग डिंकाने चिकटविलेले, आत छापील विद्युत्मंडल; एकदा बिघडले की मुलाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही. ती काचेच्या कपाटात शोभतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. सहलीस तेथे जावे आणि सिग्नल, रुळांचे सांधे व गाड्यांची ये-जा हे सारे एकत्र पाहावे, तेथे अशा प्रतिकृतींचे चीज होते.

कक्षासाठी मात्र आमची मागणी डोलत्या सिलिंडरच्या साध्या इंजिनाची आहे. ते रुळांवर चालणारे नसले, एका जागी चाक फिरविणारे असले तरी चालेल. वापरलेले असल्यास सुरक्षा-झडप मोकळी हलते ना, एवढे देण्यापूर्वी पाहावे. बॉयलर काठोकाठ भरू नये, वाफेला जागा ठेवावी; आणि पाणी संपण्याआधी इंधन संपेल एवढीच वडी ठेवावी, कारण कोरड्या बॉयलरचा डाख वितळतो. चालविताना शिक्षक जवळ असतीलच. पाणी शक्यतो ऊर्ध्वपातित घ्यावे. आपल्या विहिरीच्या पाण्याचा क्षार त्या बारीक नळीत एका सत्रातच बसेल.