बल्ब बदलू नकोस, आधी खांब उघड

अगं, बागेतला बल्ब परत गेला ना? आता लगेच लोहार चाळीत डझनभर आणायला धावू नकोस, आधी माझं ऐक. सोसायटीची बाग तुझ्या गळ्यात पडली आहे आणि दर सभेत कोणीतरी बल्बची बिलं काढतं, हे मला माहीत आहे. पण खरं सांगू का, यात बिचाऱ्या बल्बचा दोष क्वचितच असतो. एलईडीच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात. रोज १२ तास धरलेस तरी ती साडेपाच वर्षांहून जास्त झाली. इथे तो चार महिन्यांत मरत असेल, तर मारणारा वेगळाच आहे.

तू एक वही कर बघू. खांबांना रंगाने नंबर घाल आणि नवा बल्ब लावताना त्याच्या गळ्यावर मार्करने तारीख लिही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले, तेव्हा ते पेटवायला माणूस रोज प्रत्येक खांबापाशी जायचा. आपल्या लालबागच्या गॅस कंपनी लेनचं नाव त्याच काळाचं. आता टायमर आला आणि खांबाकडे बघणारं कोणी उरलं नाही. म्हणून ही वही.

महिन्याभरात वहीच बोलायला लागेल. एकाच खांबाचा बल्ब सारखा जात असेल तर होल्डर बघायला सांग. आतली पितळी पट्टी हिरवी किंवा काळी पडलेली असेल, नाहीतर दबून बसलेली असेल. मग बल्ब टेकतो न टेकतो, ठिणग्या उडतात आणि तो जळतो. दादरसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. चांगला चिनी मातीचा होल्डर बसवला की निम्मी कटकट संपते.

खांबावर ते गोल दुधी ग्लोब आहेत ना, त्यांच्यातही एक मेख आहे. एलईडीला उष्णता सोसत नाही. बंद ग्लोबमध्ये हवा खेळत नाही, बल्बमधला ड्रायव्हर तापतो आणि साधारण दर १० अंशांना त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून कमी वॉटचा, बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब घे. पूर्ण दिवाच बदलणार असशील तर आयपी ६५चा माग. त्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याच्या फवाऱ्यालाही तो दाद देत नाही.

आणि हे बघ, सिलिकॉनची ट्यूब घेऊन सगळ्या फटी लिंपत बसू नकोस. मी एका मे महिन्यात मोठ्या हौसेने ते केलं होतं, जुलैपर्यंत माझ्या बागेत खांबाखांबावर मत्स्यालयं तयार! रबराचं गॅस्केट नवीन घाल, वायर आत जाते तिथली ग्लँड घट्ट कर, पण दिव्याच्या तळाला कंपनीने पाणी निथळायला भोक ठेवलं असेल तर ते मोकळं राहू दे.

एका लाईनीवरचे बरेच दिवे एकदम गेले तर मात्र गंमत नाही हं. मीटर रूमपासून बागेपर्यंत कुठेतरी न्यूट्रल सैल झाली असेल. आपल्याकडे तीन फेज येतात. न्यूट्रल तुटली तर एखाद्या लाईनीवर २३०च्या जागी ३००-३५० व्होल्टही जातात. काही दिवे भगभगीत, काही मिणमिणते दिसले की मेन बंद कर आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलव. मीटरपाशीच व्होल्टेज सतत जास्त भरत असेल तर बेस्टकडे लेखी तक्रार दे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज त्यांचीच. गेटबाहेरचा रस्त्यावरचा दिवाही बेस्टच बघते, आणि महापालिकेच्या उद्यानातला असेल तर १९१६ला फोन लाव. ते ओझं तू घेऊ नकोस.

पहिल्या पावसातच दिवे जात असतील तर मातीखालचा जोड तपासायला लाव. माळ्याची कुदळ केबलला लागते, कोणीतरी टेप गुंडाळून मोकळा होतो. गणपतीत मंडपाची रोषणाई बागेच्या खांबातून ओढायची परवानगीही देऊ नकोस, गोड बोलले तरी नाही. मंडळांना बेस्ट तात्पुरती जोडणी देते. ओढलेल्या वायरी निघतात, उघडे जोड मागे राहतात, आणि त्याच खांबाला धरून मुलं गोल गोल फिरतात गं.

म्हणून करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि प्रत्येक खांबाचं अर्थिंग, या दोन गोष्टींच्या खर्चावर कोणी कुरकुरलं तरी ऐकून घेऊ नकोस. तो आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास करू या, असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय. भर पावसात वॉचमनला स्टुलावर चढवून बल्ब बदलायला लावणंही आजपासून बंद.

घाबरू नकोस, घरचा मिक्सर बिघडल्यावर दुकानदाराची कशी उलटतपासणी घेतेस तू! तसंच इलेक्ट्रिशियनला उभं करून विचार, रीडिंग त्याच्याकडून वहीत लिहून घे. या रविवारी त्याला बोलव, आणि तो तपासून जाईपर्यंत ज्या लाईनीवर दिवे सारखे जातायत ती लाईन बंदच ठेव.