फोनवरून डॉक्टर गाठताना

पोरांनो, घरातल्या म्हाताऱ्यांचे मोबाइल आता तुम्हीच हाताळता. त्यांना फोनवरून डॉक्टर गाठून देता, हे फार चांगलं करता. तालुक्याची खेप आणि बुडणारा रोज वाचतो. पण सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेल्या आत्याचं एवढं ऐका.

फोन लावण्याआधी कागद-पेन घ्या. ताप किती, बीपी किती, साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, सगळं तारीख-वेळ घालून लिहा. चालू गोळ्यांच्या स्ट्रिप समोर ठेवा. ‘ती छोटी पांढरी गोळी’ म्हटल्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा. कुठल्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठलं असेल, तर ते आधी सांगा.

ज्याचं दुखणं, त्यालाच बोलू द्या. अंगावरून जाण्याचा, लघवीचा त्रास आजी नातवासमोर सांगत नाही. फोन तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे तो प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. फोनवरून डॉक्टर गाठून देणारी सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे, ती आधी बघा. मात्र छातीत कळ, वाकडं झालेलं तोंड, न थांबणारी धाप, यांपैकी काही दिसलं तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी थेट १०८ लावा.

आता रिपोर्टचं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकू नका. ग्रुपवरचा फोटो पुढे कुठे जाईल, ते आपल्या हातात राहत नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी रिपोर्ट पाठवता, प्रिंट घेऊन निघता, फाइल मात्र त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. तिथेच उभं राहून ‘दादा, डिलीट करा’ म्हणा, डाउनलोडमधूनही काढायला लावा. टीबीचा किंवा एचआयव्हीचा एक कागद फुटला, तर ठरलेलं लग्न मोडतं, भाड्याची खोली सुटते.

आभा क्रमांक, म्हणजे आपले रिपोर्ट ऑनलाइन जोडणाऱ्या सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक, १४ आकडी असतो आणि तो काढणं ऐच्छिक आहे. त्यावरून कुणी रिपोर्ट मागितले, तर ‘ओके’ दाबण्याआधी वाचा: कोण मागतंय, कशासाठी, कोणते रिपोर्ट, कुठल्या तारखेपर्यंत. दिलेली परवानगी मागेही घेता येते. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तो कधीच सांगू नका, मग तो कुठल्याही दवाखान्याचं नाव घेवो.

डॉक्टरांपासून काही लपवू नका आणि गरजेशिवाय दुसऱ्या कुणाला काही दाखवू नका. मोबाइल तुमच्या हातात असला, तरी दुखणं त्यांचं आहे. रिपोर्ट कुठेही पाठवण्याआधी त्यांना विचारा, आणि ते ‘नको’ म्हणाले तर पाठवू नका.